बुटाच्या पॉलिशची डबी आणि मनगटावरचं घड्याळ

मंडळी, पेसमेकर बसवलेल्या माणसाला हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो, "तुम्हाला स्मार्टवॉच चालतं का हो?" माझ्या छातीत पेसमेकर आहे आणि नात्यातल्या निम्म्या मनगटांवर ही घड्याळं आहेत, त्यामुळे प्रश्न घरचाच. पण आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस उत्तर द्यायच्या आधी मागे जातो. त्याला इलाज नाही!

साल १९५८, देश स्वीडन. आर्ने लार्सन नावाचे ४३ वर्षांचे गृहस्थ. हृदयाच्या ठोक्यांची वाट अडलेली, दिवसातून वीस-तीस वेळा शुद्ध हरपायची. शरीरात बसवता येईल असा पेसमेकर तेव्हा कोणाच्याच छातीत नव्हता. पण त्यांची पत्नी एल्से-मारी काही स्वस्थ बसेना. ती शल्यचिकित्सक ऑके सेनिंग आणि इंजिनिअर रूने एल्मक्विस्ट यांच्या मागेच लागली. आपल्याकडे सावित्रीने यमाचा पिच्छा पुरवला, तसाच प्रकार!

एल्मक्विस्टनी दोन ट्रान्झिस्टरांचं यंत्र जुळवलं आणि बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात इपॉक्सी रेझिन ओतून ते बंद केलं. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी सोल्नाच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ते लार्सन यांच्या शरीरात बसवलं गेलं. काही तासांतच ते बंद पडलं! मग दुसरं बसवलं.

आता गंमत पाहा. त्या यंत्रातली बॅटरी चार्ज कशी करायची? तर बाहेरून, त्वचेवर तारेचं वेटोळं ठेवून. म्हणजे आज ज्याला आपण वायरलेस चार्जिंग म्हणतो, तेच. आणि आज त्याच वायरलेस चार्जरपासून पेसमेकर लांब ठेवा असं सांगतात. पुढे १९७०च्या दशकात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या लिथियम बॅटऱ्या आल्या आणि हे बाहेरून चार्ज करणं मागे पडलं.

मग लांब कशासाठी? कारण पेसमेकरला लोहचुंबकाची भाषा कळते. डॉक्टर तपासणीच्या वेळी छातीवर चुंबक धरतात, तेव्हा बहुतेक पेसमेकर हृदयाचं ऐकणं थांबवून ठरलेल्या गतीने ठोके देऊ लागतात. ही मुद्दाम केलेली सोय. पण २०२० पासून काही फोनांमध्ये जोरदार चुंबक आले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सांगितलं, की फोन आणि स्मार्टवॉच पेसमेकरपासून सहा इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर दूर ठेवा. शर्टाचा वरचा खिसा बाद! मनगट सहसा तेवढं लांब असतंच. पण घड्याळाचा हात छातीवर घेऊन झोपायची सवय असेल, तर ती मोडावी.

घड्याळाच्या आत काय चालतं, तेही पाहू. नाडी मोजणारा हिरवा दिवा म्हणजे निव्वळ प्रकाश, त्याने काही बिघडत नाही. ईसीजीमध्ये घड्याळ शरीरातली वीज फक्त ऐकतं. मात्र पेसमेकर असताना तो आलेख चुकू शकतो, म्हणून त्यावरून निष्कर्ष काढू नये. खरी अडचण तिसऱ्या सोयीची. अंगातली चरबी मोजण्यासाठी काही घड्याळं शरीरातून बारीकसा विद्युत्प्रवाह सोडतात. पेसमेकरला तो हृदयाचाच ठोका वाटला तर तो गप्प बसेल, आणि शॉक देणारं यंत्र असेल तर नको तेव्हा शॉक बसेल. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवरून ही शक्यता दाखवली. माणसांवरचे प्रयोग नव्हते ते, पण ही सोय देणाऱ्या कंपन्याही पेसमेकरवाल्यांना ती वापरू नका असंच सांगतात.

तेव्हा माझं उत्तर असं: घड्याळ चालतं, पण आपल्या डॉक्टरांना विचारून. चरबी मोजायची सोय बंद, चार्जर छातीपासून हातभर लांब. आणि मुख्य म्हणजे घड्याळ नाडी मोजतं. पेसमेकरची बॅटरी आणि वायर ते तपासत नाही. दवाखान्यातली ठरलेली तपासणी चुकवू नये. घड्याळात सगळं ठीक दिसत असलं तरी चक्कर आली, तर घड्याळावर नव्हे, चक्करेवर विश्वास ठेवावा.

असो. लार्सन यांना एकूण सव्वीस पेसमेकर लागले. २००१ मध्ये ते ८६ व्या वर्षी गेले, तेही कर्करोगाने, हृदयाने नव्हे. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्या आधीच गेले होते. एल्से-मारीचा हट्ट त्रेचाळीस वर्षं पुरला!