स्कायरिम आणि ४ जीबीची भिंत

११ नोव्हेंबर २०११ रोजी बेथेस्डाचा ‘स्कायरिम’ बाजारात आला. हौशी खेळाडूंनी मॉड घालून त्यातील डोंगर, चिलखते, चेहरे नव्याने रंगवले. आणि खेळ वाटेतच, चकार शब्द न काढता बंद पडू लागला.

दोष बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या माथी मारला जाई. जुना काढा, नवा घाला, पुन्हा जुना! ड्रायव्हर सदैव निर्दोष होता असे नव्हे. पण मूळ दुखणे निराळे होते.

खेळ ३२ बिटांचा. प्रारंभी त्याला जेमतेम २ जीबी मेमरी वापरता येई. डिसेंबर २०११च्या पॅचने ही मर्यादा ४ जीबी झाली. त्यातच डायरेक्टएक्स ९च्या रीतीनुसार कार्डावर चढवलेल्या टेक्स्चरची एक प्रत खेळाच्या वाट्याच्या मेमरीतही राही. कार्ड कितीही महागडे असो, कोठी तेवढीच!

बोरिस वोरोंत्सोव या प्रोग्रामरने यावर तोड काढली. त्याच्या ‘ईएनबूस्ट’ने हा भार ‘ईएनबीहोस्ट’ या स्वतंत्र प्रोसेसकडे सोपवला.

२८ ऑक्टोबर २०१६ रोजी ६४ बिटांची, डायरेक्टएक्स ११वरील ‘स्पेशल एडिशन’ आली आणि ती भिंत हटली. मात्र स्क्रिप्ट एक्स्टेंडरच्या जुन्या प्लगइनांवर उभे असलेले मॉड तिच्यात चालेनात. ते प्लगइन नव्याने घडवावे लागले.