घोड्याचे मूत्र, उंदराचा डोळा आणि ‘पुरुषी’ संप्रेरक

संप्रेरकांना ‘पुरुषी’ आणि ‘स्त्रैण’ ही नावे कशी चिकटली आणि त्या नावांमुळे बीजांडकोशाचे कार्य समजायला किती उशीर लागला, याविषयीचा हा धागा.

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील शरीरशास्त्रज्ञांचा समज सरळ होता. वृषणातून पुरुषत्वाचे द्रव्य स्रवते, बीजांडकोशातून स्त्रीत्वाचे. व्हिएन्नाचे ऑयगेन श्टाइनाख तर ही दोन द्रव्ये एकमेकांची वैरी आहेत, असे मानत. याच समजुतीत वाढलेल्या आडोल्फ बुटेनांट यांनी १९३१ मध्ये हजारो लिटर मूत्रापासून अवघे १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन मिळवले. मूत्र पोलिसांचे होते. पुरुषत्वाचा अर्क काढायचा तर याहून खात्रीचा कच्चा माल बर्लिनमध्ये कुठला! १९३५ मध्ये ॲमस्टरडॅम येथे एर्न्स्ट लाक्योर यांच्या गटाने बैलाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. या वर्गातील द्रव्यांना मिळालेल्या ‘अँड्रोजेन’ या ग्रीक घडणीच्या नावाचा अर्थच ‘पुरुष घडवणारे’ असा आहे.

पण हे चित्र त्याच वेळी तडकूही लागले होते. बर्नहार्ड झोन्डेक हे बर्लिनचे स्त्रीरोगतज्ज्ञ. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना रुग्णालयातून काढण्यात आले आणि ते स्टॉकहोमला गेले. १९३४ मध्ये त्यांनी जाहीर केले की, इस्ट्रोजेनचा सर्वांत विपुल साठा कुठे सापडत असेल, तर तो वळूघोड्याच्या मूत्रात! रुबाबदार नराच्या देहात ‘स्त्रैण’ द्रव्याचा पूर. त्यांना स्वतःलाही हा विरोधाभास वाटला. माझ्या मते या शोधानंतर नावे बदलायला हवी होती. ती बदलली नाहीत.

याचा परिणाम दवाखान्यात दिसतो. १९२१ मध्ये पॅरिसच्या आशार आणि तिएर या वैद्यांनी ‘दाढीवाल्या स्त्रियांचा मधुमेह’ अशा शीर्षकाखाली एक विकार नोंदवला होता. केसांची वाढ आणि साखर यांचा संबंध त्यांनी अचूक टिपला. शीर्षक मात्र रुग्णाला जत्रेतल्या तंबूत उभे करणारे. पुढे १९३५ मध्ये शिकागोच्या अर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेन्थल यांनी सात स्त्रियांचा वृत्तांत छापला. पाळी अनियमित, वंध्यत्व, काहींच्या अंगावर जादा केस, आणि मोठे झालेले, पुटिकांनी भरलेले बीजांडकोश. आज आपण ज्याला पीसीओएस म्हणतो, तो हाच विकार. तपासणीसाठी बीजांडकोशाचा तुकडा काढला, तर पाळी सुरू झाली, असे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी दोन्ही बीजांडकोशांचा मोठा भाग पाचरीसारखा कापून काढण्याची शस्त्रक्रिया केली. सातही जणींची पाळी नियमित झाली, दोघींना दिवस राहिले. जाड आवरणामुळे बीज बाहेर पडत नाही, असा त्यांचा तर्क होता. अँड्रोजेन निर्माण करणारा भागच कापला गेल्याने फरक पडत असावा, हे स्पष्टीकरण फार नंतरचे.

निर्णायक प्रयोग मात्र स्वीडनमध्ये झाला, आणि तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. बेंग्ट फाल्क यांनी उंदराच्या बीजांडकोशातील निरनिराळ्या पेशी सुट्या केल्या आणि उंदराच्याच डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रोपल्या. शेजारी योनीच्या अस्तराचा छोटा तुकडा लावला. इस्ट्रोजेन तयार झाले, की हे अस्तर बदलते. म्हणजे तोच साक्षीदार. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: पुटिकेच्या आतल्या थरातील पेशी एकट्या असताना काहीच घडले नाही. बाहेरच्या थरातील पेशी एकट्या असतानाही नाही. दोन्ही शेजारी असतील, तरच इस्ट्रोजेन.

कारण पुढील संशोधनाने उलगडले. बाहेरच्या थरातील थीका पेशी अँड्रोजेन बनवतात. ते आतल्या ग्रॅन्युलोसा पेशींत झिरपते आणि तिथे ॲरोमेटेज हे विकर त्याचे इस्ट्रोजेन करते. म्हणजे ज्याला ‘पुरुषी’ म्हटले, तो स्त्रीच्या इस्ट्रोजेनचा कच्चा माल आहे. त्याच्यावाचून इस्ट्रोजेन तयारच होत नाही. तरुण स्त्रीच्या रक्तात मासिक चक्राच्या बहुतेक दिवशी टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण इस्ट्राडायोलपेक्षा जास्त असते.

तो निव्वळ कच्चा मालही नाही. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी अशा उंदरिणी तयार केल्या, ज्यांच्या पेशींना अँड्रोजेनचा संदेश घेताच येत नव्हता. तरुणपणी त्यांना पिल्ले झाली, पण कमी; आणि त्यांचे बीजांडकोश अकाली रिते झाले. लहान पुटिकांना वाढीसाठी अँड्रोजेनचा आधार लागतो. अतिरेक झाला, की त्याच पुटिका मोठ्या संख्येने जमतात, अर्ध्या वाटेवर अडकतात आणि बीज सुटत नाही. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ त्याच. रक्तातील इन्सुलिन वाढले, की थीका पेशी आणखी अँड्रोजेन बनवतात. आशार-तिएर यांनी १९२१ मध्ये पाहिलेल्या साखरेचा धागा इथे जुळतो.

आज वंध्यत्वाच्या उपचारांत ज्या स्त्रियांचे बीजांडकोश औषधांना फारसा प्रतिसाद देत नाहीत, त्यांतील काहींना डीएचईए हे अँड्रोजेनचे पूर्वद्रव्य देऊन पाहिले जाते. त्याचा उपयोग किती, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. त्यामुळे एकाच दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीच्या चिठ्ठीवर अँड्रोजेन उतरवणारी गोळी असू शकते, दुसरीच्या चिठ्ठीवर चढवणारी.