हँडल बदललं आणि गाडी आपोआप रेस घेतेय? आधी केबल तपासा

माझी नोकरी सांगलीत आणि घर साताऱ्याला. दर शनिवारी आष्टा, पेठ नाका करत बाईकवरच घरी जातो. पाठ दुखते म्हणून एका गॅरेजमध्ये उंच हँडल बसवून घेतलं. सरळ हायवेला काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी कासला निघालो. यवतेश्वर घाटातल्या एका डाव्या वळणावर हँडल वळवलं आणि मूठ न पिळताच रेस वाढली. गाडी वळणाबाहेर जायला लागली. पटकन क्लच दाबला, किल स्विच बंद केला, म्हणून वाचलो. तुमच्यावर अशी वेळ आली तर हेच करा.

असं का होतं?

ॲक्सिलरेटर केबल म्हणजे नळीच्या आत सरकणारी तार. मूठ पिळली की तार ओढली जाते आणि कार्बोरेटर किंवा थ्रॉटल बॉडी उघडते. हँडल उंच झालं की अंतर वाढतं, पण केबल तेवढीच राहते. मग हँडल वळवलं की केबल ताणते आणि इंजिनाला वाटतं, तुम्हीच रेस दिली.

काय करायचं?

१. जुनं हँडल काढण्याआधी मोबाईलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढा. केबल कुठून कशी गेलीये, ते नंतर आठवत नाही.

२. नवीन हँडल बसवल्यावर ते पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. केबल ताणतेय का, कुठे चेमटतेय का, बघा. रस्ता बदलून जमत असेल तर ठीक, नाहीतर लांब केबल घ्या. क्लच केबल आणि ब्रेकचा पाइपही असाच तपासा.

३. आता ढील बघा. मुठीवर खडूने खूण करा आणि हळू पिळा. तार ताण घेईपर्यंत मूठ साधारण २ ते ६ मिलिमीटर मोकळी फिरली पाहिजे. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

४. मुठीजवळचं रबर सरकवा, लॉकनट सैल करा. ॲडजस्टर आत फिरवला की ढील वाढते, बाहेर काढला की कमी होते. झालं की लॉकनट घट्ट करा. दोन केबल असतील तर आधी परतीची सैल करा, मग ओढणारी सेट करा, शेवटी परतीची.

५. इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळा आणि सोडा. हँडल मध्ये, डावीकडे, उजवीकडे, तिन्ही वेळा मूठ स्वतःहून ‘टक्’ करून मागे आली पाहिजे.

६. शेवटची परीक्षा मोकळ्या जागेत घ्या. गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. रेस जराही वाढली तर गाडी रस्त्यावर काढू नका.

ही चूक करू नका

माझ्या गाडीचं आयडलिंग वाढलेलं दिसलं, म्हणून त्या गॅरेजमध्ये स्लोचा स्क्रू कमी करून दिला होता. त्याने लक्षण झाकलं गेलं, ताण तसाच राहिला. आणि केबलच आखूड असेल तर ॲडजस्टर कितीही फिरवा, उपयोग नाही. आधी रस्ता, मग लांबी, शेवटी ॲडजस्टर, हा क्रम लक्षात ठेवा.

केबलच नसेल तर?

२०१७ पासूनची केटीएम ३९० ड्यूक किंवा हिमालयन ४५० अशा राइड-बाय-वायर गाड्यांत मुठीतला सेन्सर वायरमधून संदेश पाठवतो. तिथे ढील सेट करायची नसते, पण हँडल उंच केल्यावर वायर ताणतेय का, ते बघावंच लागतं.

मी शेवटी लांब केबल टाकली. काम अर्ध्या तासाचं होतं. आता घाटात हँडल वळतं, रेस मात्र हातातच राहते.