मौरी, रांधुनी आणि शिबपूरची बाग

बंगाली घरात ‘पाँचफोडन’ तेलात पडले की मौरीचा गोड सुगंध सर्वांआधी दरवळतो. मौरी म्हणजे महाराष्ट्रातील बडीशेप. तिच्या सोबतीला मेथी, जिरे, कलौंजी आणि बहुधा रांधुनी. रांधुनी हा ओव्याच्या कुळातील बारीक, उग्र दाणा. बंगालीत याच शब्दाचा दुसरा अर्थ स्वयंपाकीण. मराठीतील ‘रांधणे’ हे त्याचे सख्खे भावंड.

ॲनिस ही या कुळातील परकी पाहुणी, भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातील. तिचा आणि बडीशेपेचा सुगंध मुख्यतः ॲनिथोल या एकाच द्रव्याचा. म्हणूनच बाजारात एकीच्या नावावर दुसरी खपते, आणि शेपूही या गोंधळात सापडतो.

हा गुंता उकलण्याचे काम कलकत्त्यासमोर, हुगळीच्या पश्चिम तीरावर झाले. १७६९-७० च्या भीषण दुष्काळाने बंगाल उजाड झाला होता. त्याची आठवण ताजी असताना, १७८६ मध्ये रॉबर्ट किड या लष्करी अधिकाऱ्याने कंपनी सरकारपुढे बागेची योजना मांडली. केवळ नवलाईची झाडे जमवावीत हा तिचा हेतू नव्हता. साबुदाण्यासारखी अन्न देणारी आणि व्यापारास उपयोगी रोपे वाढवून ती सर्वत्र पसरावीत, हा होता. १७८७ मध्ये शिबपूरची बाग उभी राहिली.

१७९३ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग तिचा अधीक्षक झाला. भारतीय चित्रकारांकडून त्याने अडीच हजारांहून अधिक वनस्पतिचित्रे काढवून घेतली. नावे देताना त्याने लोकांच्या बोलीकडे पाठ फिरवली नाही. बडीशेपेला त्याने ‘अनेथम पानमोरियम’ म्हटले, शेपूला ‘अनेथम सोवा’. लॅटिनच्या झग्याखाली बंगालची ‘पानमौरी’ आणि बाजारातला ‘सोवा’ स्पष्ट दिसत होते.

या बागेची वनस्पतिसूची १८१४ मध्ये विल्यम केरीने श्रीरामपुरात छापून प्रसिद्ध केली. मराठी माणसाला हे गाव अनोळखी नाही. पंडित वैजनाथांच्या साहाय्याने केरीने रचलेले मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी कोश १८१० मध्ये तेथूनच बाहेर पडला.

पुढील शास्त्रज्ञांनी बंगालची बडीशेप जगातील सामान्य बडीशेपेहून निराळी मानली नाही. ‘पानमोरियम’ हे नाव मागे पडले. रांधुनीच्या शास्त्रीय नावात मात्र ‘रॉक्सबर्गियानम’ दीर्घकाळ टिकले. ज्यांच्या कुंचल्यातून ती चित्रे उतरली, त्यांपैकी बहुतेकांची नावे कोठेच नोंदली गेली नाहीत. ज्या स्त्रियांनी हे दाणे पिढ्यान्‌पिढ्या पारखले, त्यांचीही नाहीत. त्यांची आठवण एका शब्दात तेवढी उरली आहे: रांधुनी.