शब्द गेले, चाल राहिली : 'ऐ मेरे वतन के लोगों' आणि आपला धानोरा

29 जानेवारी 2022. दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीट. त्या वर्षी 'अबाइड विथ मी' ही जुनी इंग्रजी प्रार्थना वगळली आणि लष्करी बँडने 'ऐ मेरे वतन के लोगों' वाजवलं. लगेच फेसबुकवर दोन गट पडले. एक म्हणे गुलामीची धून गेली, दुसरा म्हणे गांधीजींची आवडती प्रार्थना काढली. भांडण इंग्रजी की हिंदी एवढ्यावरच अडकलं. खरं तर दोन्ही धुना संथ, दोन्ही गेलेल्यांच्या आठवणीला चालणाऱ्या. माझ्या मते दोन्ही राहू शकल्या असत्या. असो.

आज बोलायचंय ते या दुसऱ्या धुनेबद्दल. कारण तिचं नातं आपल्या भागाशीही लागतं.

20 ऑक्टोबर 1962 ला चीनने हल्ला केला. महिनाभरात आपली दाणादाण उडाली. कृष्ण मेनन गेले, यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हाचं. पण सह्याद्री गेल्यावर मुंबईत खुर्चीवर कोण बसलं? आपल्या चांदा जिल्ह्याचे मारोतराव कन्नमवार. 20 नोव्हेंबर 1962 ला ते मुख्यमंत्री झाले आणि दुसऱ्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. गडचिरोली तेव्हा चांद्यातच होतं. भद्रावतीची ऑर्डनन्स फॅक्टरीसुद्धा त्याच युद्धानंतरची.

देश हरलेला, खचलेला. अशा वेळी गाणं कसलं लिहायचं? कवी प्रदीप यांनी वीरश्रीचं लिहिलं नाही, मेलेल्यांची आठवण ठेवा एवढंच सांगितलं. माहीमच्या समुद्रकाठी फिरताना पहिल्या ओळी सुचल्या आणि सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीवर उतरवल्या, असं सांगतात. चाल बांधली सी. रामचंद्र यांनी. म्हणजे आपले रामचंद्र नरहर चितळकर, पुणतांब्याचे. गंमत म्हणजे प्रदीप यांचंही खरं नाव रामचंद्रच. 27 जानेवारी 1963 ला दिल्लीत लताबाई गायल्या. समोर नेहरू होते, त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. हे सगळ्यांना पाठ आहे.

चालीकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. चितळकर अण्णा म्हणजे 'अलबेला'वाले, 'ईना मीना डीका'वाले. हिंदी सिनेमात क्लॅरिनेट, सॅक्सोफोन धुमधडाक्यात वाजवून घेणारा माणूस. युद्धाचं गाणं म्हटल्यावर ते ठोकून मार्च बांधू शकले असते. बांधला नाही. सुरुवातीच्या ओळी ठेक्याशिवाय, बोलल्यासारख्या. मग हळू चाल. कोरस शेवटाला. सगळा भार एका आवाजावर.

असं गाणं बँडला देणं सोपं नाही. 'कदम कदम बढाए जा' बँडला सोपं, पाय पडतात तसा ढोल पडतो. इथे पाय थांबवायचे आहेत. लताबाईंच्या गळ्यातली मींड ट्रम्पेटला जशीच्या तशी निघत नाही, तिथे लांब सूर धरावा लागतो. ठेक्याशिवायच्या ओळी एकटी बाई गाते तेव्हा तिच्या मर्जीने थांबते. चाळीस वाजवणाऱ्यांनी एकत्र कुठे श्वास घ्यायचा, हे मात्र बँडमास्टरच्या हातावर.

आणि मुख्य म्हणजे शब्द जातात. मूळ गाण्यात हिमालय आहे, सीमा आहे, सैनिकांच्या जाती-प्रांतांची नावं आहेत, त्यात मराठाही आहे. म्हणजे गाणं 1962 च्या बर्फात पक्कं बांधलेलं. बँड वाजवतो तेव्हा हे सगळं गळून पडतं. उरते नुसती चाल, आणि ती कोणाचीही होऊ शकते.

आपल्या मरकेगावच्या पोलिसांचीसुद्धा.

1 फेब्रुवारी 2009, मरकेगाव, 15 पोलीस. 21 मे 2009, हत्तीगोटा, 16 पोलीस. दोन्ही आपल्याच धानोरा तालुक्यात. 8 ऑक्टोबरला भामरागडच्या लाहेरीत 17. एका वर्षात तीन घटना, 48 माणसं. सीमा नाही, बर्फ नाही, शत्रूदेश नाही. मोह-तेंदूचं जंगल. 15 ऑगस्टला शाळेच्या भोंग्यावर ते गाणं लागतं तेव्हा आपण लडाख आठवतो. हे 48 त्या शब्दांत बसत नाहीत, म्हणून आठवायचे राहून जातात.

पोलीस स्मृतिदिन 21 ऑक्टोबरला का असतो? 1959 मध्ये त्या दिवशी लडाखच्या हॉट स्प्रिंग्जला चिनी गोळीबारात सीआरपीएफचे 10 जवान गेले होते. युद्धाच्या तीन वर्षं आधी. म्हणजे चीन सीमेवर जे सुरू झालं, त्यात खाकीवाले आधीच होते. त्याच सीआरपीएफचा कॅम्प आज आपल्या धानोऱ्यात आहे.

आता पैशाची गोष्ट, जी कमी लोकांना माहीत आहे. प्रदीप यांनी या गाण्याची रॉयल्टी युद्धात विधवा झालेल्यांच्या निधीला दिली होती. तरी प्रकरण कोर्टात गेलं. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेकॉर्ड कंपनीला 10 लाख रुपये त्या निधीत भरायला सांगितलं. गाणं 1963 चं, आदेश 42 वर्षांनी. तोवर चितळकर जाऊन 23 वर्षं झाली होती, प्रदीप जाऊन 7. गाण्यावर रडले सगळे, पण विधवांच्या पैशासाठी कोर्टाचा हुकूम लागला.

मरकेगाव, हत्तीगोट्याच्या घरांना काय मिळालं, काय राहिलं, नोकरी कोणाला लागली, कोणाची फाइल अडकली, हे कुठेतरी एकत्र लिहिलेलं असायला हवं. त्या कुटुंबांपैकी कोणी हे वाचत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. नाव छापणार नाही. 21 ऑक्टोबरच्या आत जेवढं जमेल तेवढं लिहितो.