जेन्ट्स की लेडीज?

ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत संध्याकाळी गाण्याच्या क्लासवरून गेलं की तंबोरा ऐकू येतो. हल्ली तो बहुतेकदा मोबाइलमधलाच, ते असो. लाकडी तंबोऱ्याच्या तारा मात्र बदलाव्या लागतात, आणि दुकानात पहिला प्रश्न येतो, "जेन्ट्स की लेडीज?" या प्रश्नालाही इतिहास आहे.

आपल्याकडचा चांगला तंबोरा बहुधा मिरजेचा. तिथले फरीदसाहेब शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते तंतुवाद्यं घडवू लागले आणि पुढे घराण्याचा तोच धंदा झाला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पुरुषांचा तंबोरा मोठा, साधारण काळी एकचा, म्हणून तारा जाड. बायकांचा लहान, काळी चार-पाचचा, तारा बारीक. (तारेचा नंबर वाढला की तार बारीक होते, हे लक्षात ठेवा, दुकानात हमखास गोंधळ होतो.)

बायकांनी तिकीट लावलेल्या मैफलीत मंचावर बसून गाणं ही फार जुनी गोष्ट नाही. मिरजेतच १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांनी १९२०च्या दशकात ती वाट मोकळी केली. बाईचा आवाज उंच आणि नाजूक, हीच तेव्हा अपेक्षा.

मग गंगूबाई हनगल आल्या. तरुणपणी त्यांचाही आवाज उंचच होता. 'गांधारी' नावाने निघालेल्या रेकॉर्डवर तो ऐकायला मिळतो. पुढे टॉन्सिलवर उपचार झाले आणि आवाज खाली उतरला, भारदस्त झाला. बाईंनी तो ओढून वर नेला नाही. आहे त्या सुरात त्या गायल्या, आणि आज त्यांची ओळख त्याच आवाजाची आहे.

आता हे तारांवर मोजून बघा. काळी चारचा तंबोरा पांढरी चारला उतरवला, तर त्याच तारेवरचा ताण सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. तार ढिली पडते, जवारी बोलत नाही, आणि मुलीला सांगतात, "सूर वर घे." खरं तर तिथे साधारण एक-पंचमांश जाड तार हवी. वाद्य बदलायला नको. पण स्वस्त तारेऐवजी गळाच ताणला जातो, हे मला मुळीच पटत नाही. वयात येताना किंवा पाळी जाताना आवाज उतरला, तर तारा बदलाव्यात.

पहिल्या तारेचं गणित वेगळं. पंचमाची तार मालकंसासाठी मध्यमावर आणली की ताण पाचव्या हिश्शाने कमी होतो. तेवढं चालून जातं. मारवा, पूरियासाठी तीच निषादावर चढवली, तर ताण दीडपटीहून जास्त होतो. जाड तार तिथे तुटू शकते. असे राग नेहमी गात असाल, तर पहिली तार एक-दोन नंबर बारीक घ्या. जोडीच्या दोन तारा मात्र एकाच जाडीच्या हव्यात, आणि खर्ज पितळेचा.

दुकानात जाताना जुनी तार कागदात गुंडाळून न्या, तिची जाडी तिथे मोजून मिळते. आणि 'लेडीज' म्हणण्याआधी आपला सा सांगा.