‘नामांतराच्या साली’ आलेली बेस गिटार : वाद्य हा पुरावा कसा वाचायचा?



आजची पोस्ट माझ्या एका चुकीवर आहे. एका चर्चासत्रात मी ठामपणे सांगितलं होतं, की परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसला १९७८ सालीच जयंतीच्या गाण्यांच्या पार्टीत बेस गिटार वाजत होती. पुरावा म्हणून दोन मुलाखती होत्या. वाक्य छान होतं, टाळ्याही मिळाल्या. पुढे ते वाक्य मलाच खोडावं लागलं. तुमच्यापैकी बरेच जण आता पेटची तयारी करताय, सिनॉप्सिस लिहिताय, म्हणून ते कसं घडलं ते सविस्तर सांगते.

माझा विषय थोडक्यात असा : मराठवाड्यातल्या गाण्याच्या पार्ट्यांमध्ये कोणती वाद्यं आली, कोणी निवडली, त्यात काय काय बदल केले आणि का. ताडकळस हे पूर्णा तालुक्यातलं गाव. तिथल्या एका काकांनी (त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव देत नाही) बरीच वर्षं भीमगीतांच्या पार्टीत बेस गिटार वाजवली. वामनदादा कर्डकांसारख्या (१९२२–२००४) कवींची गाणी गावोगाव पोचली ती अशाच पार्ट्यांमुळे. पण कॅसेटच्या कव्हरवर गायकाचं नाव छापतात, बेसवाल्याचं नाही. म्हणून इथे कागद कमी आणि माणसं व वस्तू जास्त, अशी साधनं आहेत.

दोन साक्षी, दोन चुका

काका मला म्हणाले होते, “नामांतराच्या साली आणली ही.” मी वहीत लिहिलं : १९७८. कारण मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. पुस्तकं वाचून आलेल्या माझ्यासारखीला ‘नामांतर’ म्हटलं की तेच साल आठवतं.

पण नाव प्रत्यक्षात लागलं १४ जानेवारी १९९४ ला, ‘नामविस्तार’ या स्वरूपात. मधली सोळा वर्षं लोक लढत होते. बोलताना लोक या सगळ्यालाच ‘नामांतर’ म्हणतात. म्हणजे काकांनी १९७८ म्हटलंच नव्हतं. त्यांच्या वाक्याचं आकड्यात भाषांतर मी केलं होतं आणि मुलाखतीच्या उताऱ्यात ते त्यांच्या तोंडी घातलं होतं.

दुसरी साक्ष त्याच पार्टीतल्या ढोलकीवाल्यांची. ते म्हणाले होते, “आमच्याकडं पहिल्यापासूनच बेस होता.” मला वाटलं, झालं, दुजोरा मिळाला! नंतर ध्वनिमुद्रण पुन्हा नीट ऐकलं तेव्हा लक्षात आलं, की ते ढोलकीच्या जाड आवाजाच्या बाजूबद्दल बोलत होते. आपल्याकडे ‘बेस’ म्हणजे ढोलकीची ती बाजू, अँप्लिफायरचं ते बटण, गायकाचा जाड आवाज आणि चार तारांची गिटारसुद्धा. ‘बेंजो’चंही तसंच. आपल्या पार्ट्यांमधला बेंजो म्हणजे अमेरिकेतला बँजो नव्हे, तर बटणं दाबून वाजवायचं बुलबुलतरंग. त्याचं मूळ जपानच्या नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी केलेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. नाव एक, वाद्य दुसरंच.

लक्षात घ्या, माझ्याकडे दोन स्वतंत्र साक्षी होत्या. संशोधन पद्धतीच्या पेपरात आपण ‘दोन साधनांनी पडताळा’ असं लिहून मोकळे होतो. पण दोन्ही साधनं एकाच चुकीच्या कानाने ऐकली, तर तो पडताळा होत नाही. तीच चूक दोनदा मोजली जाते.

गिटार उघडली तेव्हा

चूक कळली ती गिटारमुळे. काकांनी कपाटावरून ती खाली काढली. कंपनीचं नाव घासून गेलेलं. चारपैकी एक खुंटी वेगळ्याच जातीची. आवाजाच्या बटणांपैकी एक रेडिओचं. मागची झाकणपट्टी काढली तर आत सोल्डरिंगचे दोन प्रकार : एक नीटस, एक ओबडधोबड. घरघर कमी व्हावी म्हणून पोकळीत सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद चिकटवलेला.

परभणीचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. चांगल्या गिटारच्या नेकमध्ये एक लोखंडी सळई असते. ती पिळून नेकचा बाक कमीजास्त करता येतो. या गिटारला ती नव्हती. मग नेक वाकली, तारा वर उचलल्या गेल्या, बोटं दुखायला लागली. यावर गावातल्या सुताराने उपाय केला : नेकचे स्क्रू काढून तिच्या बुडाशी कागदाच्या घडीची पाचर घातली. त्यामुळे नेक किंचित मागे झुकते आणि तारा खाली येतात. जगभरचे कारागीर हीच युक्ती वापरतात.

ती पाचर म्हणजे वर्तमानपत्राचा तुकडा होता. उलगडला तर त्यावर परीक्षेसंबंधीची एक जाहिरात. विद्यापीठाचं नाव होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, आणि केंद्रांमध्ये परभणी.

आता हे सावकाश वाचू या. नवं नाव आहे, म्हणजे कागद १४ जानेवारी १९९४ नंतरचा. परभणी या विद्यापीठाखाली आहे, म्हणजे बहुधा नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू होण्याआधीचा. ते स्थापन झालं १७ सप्टेंबर १९९४ ला. कागदाची तारीख अशी साधारण आठ महिन्यांत बसते.

पण थांबा. ही कागदाची तारीख झाली, पाचरीची नाही. रद्दी घरात चार-पाच वर्षंही पडून राहते. म्हणून खात्रीने एवढंच म्हणता येतं, की पाचर १९९४ च्या आधीची नाही. आणि ही पाचरीची तारीख झाली, गिटारची नाही. गिटार १९७८ ला घेऊन पाचर नंतरही घातलेली असू शकते. वस्तूवरचा प्रत्येक बदल आपापली तारीख सांगतो, पूर्ण वस्तूची नाही.

मग मी काकांकडे पुन्हा गेले. या वेळी साल विचारलंच नाही. विचारलं, “काका, नेक कधी वाकली?” ते लगेच म्हणाले, “आणली अन् पहिल्याच उन्हाळ्यात वाकली की. जयंतीला सरळ होती, जेठात वाकडी.” मी विचारलं, “कोणती जयंती?” “नाव लागल्यावरची पहिली. त्या साली दणक्यात करायची होती, म्हणून तर वर्गणी काढून आणली.”

नाव लागल्यावरची पहिली जयंती म्हणजे १४ एप्रिल १९९४. माणूस आणि कागद आता एकमेकांशी जुळत होते. मी विचारलं, “मग साल आधीच का नाही सांगितलं?” तर काका हसून म्हणाले, “सांगितलं की माय. तूच दुसरं लिहिलंस.”

‘पहिलं’ म्हणण्याचा मोह

१९७८ मला इतकं का आवडलं होतं? कारण त्यामुळे माझं गाव ‘लवकर’ ठरत होतं. हा मोह जगभर आहे. लिओ फेंडरने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली, म्हणून तीच पहिली इलेक्ट्रिक बेस गिटार असं सर्रास लिहिलं जातं. पण अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकातच पडद्यांची, आडवी धरून वाजवायची इलेक्ट्रिक बेस विकली होती. फेंडरचं महत्त्व ‘पहिला’ असण्यात नाही. त्याची बेस मोठ्या प्रमाणावर बनली, खपली आणि इतरांसाठी नमुना झाली, यात आहे. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘पहिला’ हा शब्द असेल तर एकदा खोडून वाक्य वाचा. बहुतेक वेळा ते आणखी चांगलं होतं.

जुन्या अमेरिकन गिटारी तपासणारेही असंच थर वाचतात. आतल्या बटणाच्या पॉटवर आकडे असतात. उदाहरणार्थ १३७६६१२ : १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, पुढे ६६ म्हणजे १९६६ साल, आणि १२ म्हणजे बारावा आठवडा. पण तेही ‘गिटार त्याआधीची नाही’ एवढंच सांगतं, आणि तेही पॉट मूळचा असेल तरच.

मुंबईच्या स्टुडिओंमध्ये बेस गिटार आपल्या जयंतीच्या स्टेजपेक्षा बरीच आधी आली. आर. डी. बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बेस वाजवत. सिनेसंगीताचा वाद्यवृंद उभा करण्यात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या वादक-संयोजकांचा वाटा फार मोठा होता, पण पडद्यावर त्यांची नावं क्वचितच झळकली. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिलं. मुलाखतींवर काम करणार असाल तर जरूर वाचा.

झिजलेले फ्रेट काय सांगतात

गिटारवर आणखी एक खूण होती. फ्रेट सगळीकडे सारखे झिजलेले नव्हते. वरच्या जाड तारेखाली ते जवळजवळ कोरे होते. खालच्या दोन बारीक तारांखाली, नेकच्या मध्यावर, मात्र खोल चरे. बेस वाजवणारा माणूस जाड तार सोडून बारीक तारांवर का वाजवेल?

उत्तर भोंग्यात आहे. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. मैदानातल्या कार्यक्रमांचे कर्णे मात्र काही शे कंपनांच्या खालचा आवाज नीट फेकतच नाहीत. जाड तार छेडली तरी लोकांना नुसती कटकट ऐकू येणार. म्हणून काका वरच्या सुरांत, नखीने, टोकदार वाजवत. मला आधी वाटलं होतं ही त्यांची ‘शैली’. ती शैली होतीच, पण भोंग्याने घडवलेली. वाद्याचा इतिहास लिहिताना ते कशातून ऐकू येत होतं हेही लिहावं लागतं.

मग नातवाने गिटार बदलावी का?

काकांचा नातू बेस शिकतोय. त्याला ही गिटार घासून निळी रंगवायची होती, फ्रेट नवे, पिकअप नवे बसवायचे होते. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. माझं अर्धं प्रकरण त्या झिजलेल्या फ्रेटवर उभं आहे! मी म्हटलं, “नको, आहे तशी ठेवा.” काका म्हणाले, “वाजणार नसंल तर ठिवून काय करू, माय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नसायलाच हवं होतं. जुन्या गिटारींच्या बाजारात न बदललेल्या वाद्याला किंमत जास्त. पण आपली परंपरा तशी नाही. मिरजेला तंबोरा घेतला तरी गायकाच्या कानाप्रमाणे घोडी घासून जवारी काढावी लागते, तारेखाली सूत सरकवून आवाज खुलवावा लागतो, आणि काही काळाने ती जवारी पुन्हा काढावी लागते. खर्जाची तार प्रत्येकाला आपल्या पद्धतीने बोलायला हवी असते. वाद्य बदलत राहणं हेच त्याचं जिवंत असणं. काकांची पाचर, रेडिओचं बटण, चंदेरी कागद हे सगळे बदलच तर होते. ते बदल पुरावा, आणि नातवाचे बदल म्हणजे नासधूस, हे मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

शेवटी आम्ही असं केलं. दोन दिवस बसून गिटारचे सगळ्या बाजूंनी, मोजपट्टी ठेवून फोटो काढले. प्रत्येक फ्रेटची झीज तक्त्यात लिहिली. काकांना जुन्या अवस्थेतच ती वाजवायला लावून ध्वनिमुद्रण केलं. काढलेले सुटे भाग एका डब्यात ठेवले, प्रत्येकावर चिठ्ठी आणि तारीख. डबा काकांच्याच घरी राहील. मग नातवाने गिटार सुताराकडे नेली.

त्याने मला विचारलंही होतं, की यापेक्षा नवीच घेऊ का, मोबाइलवर सगळे परीक्षणं देतात. मी एवढंच सांगितलं : मोबाइलचा स्पीकर म्हणजे छोटा भोंगाच. त्यावर बेसचा खालचा सूर येतच नाही, म्हणून त्यावर ऐकून गिटार निवडू नकोस. दुकानात जा, हातात धर, आधी अँपशिवाय वाजव. नेक एका डोळ्याने सरळ बघ. प्रत्येक फ्रेटवर सूर झणझणतो का ते ऐक. आत सळई आहे ना, विचार. परभणीत ती लागणारच.

प्रबंधात आता काय लिहिलंय

जुनं वाक्य काढून मी असं लिहिलं : “वादकाची साक्ष आणि वाद्यातील कागद या दोहोंच्या आधारे ही बेस गिटार १९९४ च्या जयंतीच्या सुमारास पार्टीत आली असे मानता येते. त्याआधी गावात बेस गिटार नव्हतीच, असा याचा अर्थ नाही.” वाक्य लांबलं, टाळ्या मिळणार नाहीत. चर्चासत्राच्या आयोजकांनाही दुरुस्ती कळवली. लाज वाटली, पण मार्गदर्शक म्हणाल्या, व्हायव्हात दुसऱ्याने पकडण्यापेक्षा हे बरं.

तुम्ही क्षेत्रकार्याला जाल तेव्हा एवढं करा : माणसाचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहा, आणि आकडा तुम्ही काढला असेल तर तो शेजारी वेगळ्या शाईने. मी आता तसंच करते. त्या पानावर ‘नामांतराच्या साली’ हे काळ्या शाईत आहे. शेजारी लाल शाईत १९७८, खोडलेलं, आणि त्याखाली १९९४. खोडलेलं मी मुद्दाम तसंच ठेवलंय.